बाटलीतला कापूस

पांढऱ्या बाटलीत तीस गोळ्या असतात.
एसटीत बसलं की त्या बोलायला लागतात
खड्ड्याखड्ड्याला, चुगलखोर भाचीसारख्या.
म्हणून मी पराटीचं एक बोंड तोडते,
सरकी वेगळी करते,
कोरडा कापूस त्यांच्या तोंडात कोंबते.
यवतमाळपासून आमच्या फाट्यापर्यंत
मग एक शब्द नाही.

एका गोळीत तीन औषधं, बनसोड मॅडम म्हणाल्या,
तिघांनी मिळून एकाला धरून ठेवायचं.
पकड ढिली झाली की तो सुटतो,
आणि सुटलेला शहाणा होऊन परत येतो.
मला लगेच कळलं.
शाळेतला खिचडीचा गंज असाच उतरवतो आम्ही,
मी, सुमित्रा आणि लोपामाय.
एकीनं हात काढला तर दोघी भाजतात.

समोरच्या पानठेल्याचं शटर पडलं की नऊ.
पण पोळ्याला ठेला उघडलाच नाही,
आणि मी अकरापर्यंत वाट पाहत बसले.
तेव्हापासून मोबाइल.
पोरगा हसतो:
"माय, तुह्या मोबाइलात रातीच कोंबडा आरवते."

आशाताईची लोहाची गोळी दुपारच्या भाकरीवर.
पित्ताचं गुलाबी औषध तीननंतर नाही.
उन्हाळ्यात बाटली टिनाखाली नाही,
रांजणाच्या बाजूच्या कोनाड्यात,
पण ओल लागणार नाही अशी,
तुरीच्या डाळीच्या डब्यामागं.
बरं वाटतं म्हणून थांबायचं नाही.
हे सगळ्यात अवघड.
बरं वाटणारं माणूस कशाला गोळी घेईल?

लेबल मात्र मी नखानं खरवडलं होतं.

माघात एका रात्री, कोंबडा आरवून गेल्यावर,
न्हाणीकडून कोणी खोकललं.
उकंडराव. जीनिंगवर गठाणी उचलणारा.
तिकडच्या रांगेत तीनदा दिसला होता,
तोंडावर दुपट्टा,
आणि आम्ही दोघांनी तीनदा
भिंतीवरचं तेच पोस्टर वाचलं होतं.

"दोन गोळ्या दे वं बाई उसन्या.
चार दिवस झाले, संपल्या."

मीठ मागितलं असतं, चहापत्ती, दहा रुपये,
विचारही केला नसता.
हात डाळीच्या डब्यापर्यंत गेलाही.
मग म्हटलं, तुमची बाटली दाखवा.
त्यानं कमरेची काढली, रिकामी.
तिचंही लेबल खरवडलेलं.
दोन नागड्या बाटल्या कंदिलाजवळ ठेवल्या
आणि आम्हाला सांगता येईना
कोणती कोणाची, कशातलं काय.

"माही गुलाबी होती. सकाळ-संध्याकाळ."
माझी पांढरी. एकदाच.

"नाही देत," मी म्हटलं.
तो काही बोलला नाही.
चपला उलट्या घालून निघाला,
आणि मला वाटलं, आता गावभर सांगेल,
उद्या शाळेत माझ्या हातची खिचडी कोणी खाणार नाही.
तरी फाटकापर्यंत धावले.
"सकाळी साडेसहाची गाडी. मी येते."

लोपामायला सांगितलं, दात दुखते.

बनसोड मॅडम रागावल्या नाहीत.
"काऊन राहिलं?" एवढंच.
तो जमिनीकडं पाहून म्हणाला,
पोरीचं लगन होतं, घर भरलेलं,
गोळ्या जिथं लपवल्या तिथं पाहुणे झोपले.
मग डॉक्टर आले, रक्त घेतलं,
दुसरी बाटली दिली, समजावत राहिले बराच वेळ.
मी बाहेर बाकड्यावर
पोस्टरातलं तेच वाक्य पुन्हा वाचत.
निघताना मॅडम दोघांनाही म्हणाल्या,
लेबल खरवडू नका हो. फडक्यात गुंडाळा.

परतीच्या गाडीत तो मागं बसला, मी पुढं.
पहिल्याच खड्ड्याला
त्याची बाटली मोठ्यानं बोलली.
कंडक्टरनं मान वळवली.
मी माझ्या बाटलीतून निम्मा कापूस काढला,
शिटांमधून मागं हात केला,
त्याच्याकडं न पाहता.

बराच वेळ नुसतं इंजिन.
मग मागून, हळूच:
"सरकी काढली ना वं?
नाहीतं उगवन बाटलीतच."